वासोट्याला निघताय? आधी घड्याळ उलटं लावा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की या पानाकडं येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळाभर भिंतीला ओल आलीय, काय करू असं विचारणारी माणसं एकदम वासोट्याचा गड, चांदोलीचं जंगल, कोयना म्हणायला लागतात, आणि या वेळी तर अशी इतकी पत्रं आलीत की म्हटलं बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलू आणि हे सगळे जंगलवाले एकत्रच घेऊ. सातारा-सांगलीच्या माणसाची एक गंमत मला कायम वाटत आलीय. ताडोब्याला जायचं असलं की तीन-चार महिने आधी बुकिंग, कपडे खाकी का हिरवे यावर घरात चर्चा, आणि कोयनेला जायचं असलं की शनिवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज, "उद्या जायचं का रे?" जंगल दारात आहे म्हणून आपण त्याला धरतच नाही. मग पुढं काय काय होतंय ते खाली वाचा, त्यातलं थोडं माझंही आहे.

"आम्ही चौदा जण आहोत, त्यात पाच लहान मुलं. डिसेंबरच्या एका रविवारी सांगलीहून पहाटे निघून वासोटा करून रात्री घरी यायचं चाललंय. मिस्टर म्हणतात आरामात जमतंय. जमेल ना?" – विश्रामबाग, सांगली

ताई, मिस्टरांना कागद-पेन घेऊन बसवा आणि घड्याळ उलटं लावायला सांगा. उलटं म्हणजे कसं, तर आपण सगळे प्लॅन निघायच्या वेळेपासून करतो, वासोट्याचा प्लॅन मात्र अंधारापासून मागं यायचा असतो. डिसेंबरात सहाला सूर्य जातोय. कोयनेच्या पाण्याकाठच्या बामणोली गावातून वासोट्याचा पायथा बोटीनं एक ते दीड तास, म्हणजे परतीची बोट साडेचारला तरी सुटायला पाहिजे. गड उतरायला दीड-दोन तास, म्हणजे वरून अडीचला हलायचं. वर बाबू कडा बघायचा, टाक्याजवळ बसून भाकरी खायची, छप्पर नसलेल्या मारुतीला हात जोडायचे, याला तास तरी गेला, म्हणजे दीडला वर पोचलेलं पाहिजे. चढायला अडीच-तीन तास धरा, कारण अर्धी वाट सरळ अंगावर येणारी आहे. खाली वनखात्याच्या चेकपोस्टवर नोंद आणि सामानाची तपासणी अर्धा तास. म्हणजे बोट सकाळी साडेआठला बामणोलीतून सुटलेली हवी, त्याआधी परवानगीचे कागद, बोटीचा नंबर यात पाऊण तास. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासवरून बामणोली सव्वा तास, म्हणजे सातारा सहा-सव्वासहाला सोडायचं. आणि सांगली ते सातारा तुम्हीच सांगा, हायवेचं सहापदरीचं काम सोसत अडीच-तीन तास. म्हणजे पाच पोरांना रात्री अडीचला उठवून अंघोळी घालणार?

तेव्हा शनिवारी साताऱ्याला नाहीतर बामणोलीला मुक्काम करा. बामणोलीत पाण्याकाठी तंबूत आणि घरगुती राहायची सोय होते, जेवण चांगलं मिळतं. दुसरं म्हणजे एका बोटीत साधारण दहा-बारा माणसंच घेतात आणि भाडं पूर्ण बोटीचं असतंय, त्यामुळं चौदा जणांना दोन बोटी लागणार, तो हिशोब आधी करा, नाहीतर जेट्टीवर भांडणं. लाईफ जॅकेट फोटोपुरतं घालून काढून ठेवू नका. सात-आठ वर्षांच्या आतलं पोर असेल तर स्पष्ट सांगतो, त्याला वर नेऊ नका. मोठ्यांची एक बोट गडाला जाऊ दे, आणि एका काकी-मावशीला पोरांबरोबर बामणोलीत ठेवून त्यांना पाण्यातली छोटी फेरी मारू दे. मावशीला आधी विचारा मात्र, गृहीत धरू नका.

हे उलटं घड्याळ मला कुणी शिकवलं नाही, मार खाऊन शिकलोय. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या दोघांना नागेश्वरची गुहाही बघायची होती. मी म्हटलं जाऊन या पटकन. पटकन कसलं, ते खाली आले तेव्हा सव्वापाच वाजून गेलेले, बोटवाले दादा काही बोलले नाहीत, फक्त चंबू उचलून बोटीतलं पाणी उपसत राहिले, आणि ते न बोलणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं. अर्ध्या वाटेत मिट्ट काळोख. शिवसागर जलाशयावर, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यावर, रात्री दिवा नसतो ओ, दोन्हीकडं काळे डोंगर आणि मधे काळं पाणी, वारा सुटलेला, एकाच्याही अंगात स्वेटर नाही कारण सकाळी ऊन होतं. दादांनी बॅटरी दातात धरली आणि दोन्ही हातांनी सुकाणू. बामणोलीचे दिवे दिसेपर्यंत बोटीत कुणी शब्द काढला नाही. चूक आमची, म्हणजे माझीच.

आणि चेकपोस्टवर प्लास्टिक मोजतात त्याची तयारी ठेवा. गमतीनं मोजत नाहीत, खरंच मोजतात. आमच्या पिशवीतून गार्डनं पाण्याच्या सहा बाटल्या, बिस्किटांचे चार पुडे, एक वेफर्स, आणि लिमलेटच्या गोळ्या एकेक करून अकरा असं दगडावर मांडलं, वहीत लिहिलं, डिपॉझिट घेतलं. आमचा एक जण हसला तर गार्ड म्हणाले, हसा, पण संध्याकाळी अकरा कागद आणा. आणले. दहाच भरले, अकरावा एकाच्या खिशात फाटका सापडला. तेव्हापासून मी सगळं स्टीलच्या डब्यात नेतो, दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, मोजायला काही शिल्लकच ठेवत नाही.

"चांदोलीत वाघ दिसेल का? खरं सांगा." – वाळवा तालुका

खरं सांगतो. नाही.

आता कारण ऐका म्हणजे वाईट वाटणार नाही. १९८५ साली कोयना आणि चांदोली अभयारण्यं झाली, २००४ ला चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० ला दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कोअर (आतला गाभा) आणि बफर (भोवतालचा पट्टा) धरून हे सगळं साधारण ११६५ चौरस किलोमीटर भरतं. एवढ्या रानात वाघ किती, तर बोटावर मोजण्याइतके. २०१८ ला कॅमेऱ्यात एक आला, मग थेट २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा वाघाचा फोटो मिळाला तेव्हा वनखात्याची माणसंसुद्धा हरखून गेली होती, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तर ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत सोडली. म्हणजे ज्यांची नोकरीच तिथं आहे त्यांना वाघ कॅमेऱ्यात दिसतो, आणि तुम्ही शनिवारी जाऊन रविवारी बघणार. शिवाय ताडोब्यासारखं कोरडं पानगळीचं रान इथं नाही, इथं सदाहरित झाडी, कारवी, आणि डोंगर असा की वीस फुटांवर हत्ती उभा असला तरी कळणार नाही. (हत्ती नाहीयेत, घाबरू नका.)

पण गवा आहे, आणि गवा ज्यानं जवळून पाहिलाय तो वाघाचं विसरतो. मी चांदोलीतल्या झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर पाहिला, सकाळचं धुकं, गाडी बंद करून आम्ही गप्प बसलेलो, आणि मला वाटलं समोर मोठा काळा दगड आहे. दगडानं कान हलवला. मग धुकं जरा सरकलं तर गुडघ्यापासून खाली चार पाय पांढरे, कुणी पांढरे मोजे चढवल्यासारखे, आणि वरचं धड एखाद्या छोट्या ट्रकएवढं. त्यानं आमच्याकडं बघून एकदाच फुस्स केलं, नाकातून वाफ निघाली, आणि सावकाश, अगदी आपल्या शेतातून चालल्यासारखा निघून गेला. वासरू बरोबर असलेल्या गव्याच्या वाटेत कधी उभं राहायचं नाही एवढं लक्षात ठेवा, आणि एकटा नर असेल तरी लांबच.

बाकी जमिनीकडं बघायला शिका, मजा तिथं आहे. ओल्या मातीत ठसा दिसला आणि नखं उमटलेली नसली तर मांजराच्या जातीतला, म्हणजे बहुतेक बिबट्या. नखं उमटलेली असली तर कुत्र्याच्या जातीतला, रानकुत्री चांदोलीत चांगली आहेत, आपल्याकडं त्यांना कोळसुंदे म्हणतात. वाटेत शेणासारखा ढीग आणि त्यात करवंदाच्या, जांभळाच्या बिया दिसल्या तर अस्वल येऊन गेलंय. झाडाच्या पार शेंड्याला काटक्यापानांचा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं, शेकरू म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी, तांबूस, भलीमोठी शेपटी. आणि अचानक भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागलं, त्याला जोडून वानरं खॉक-खॉक करायला लागली, तर बोलणं बंद करा आणि त्या दिशेला बघत बसा. दिसलं नाही तरी कोण तरी तिथून चाललंय.

जायचं कसं, तर पेठ नाका, शिराळा, कोकरूड, आरळा, वारणावती. सांगलीपासून शंभरेक किलोमीटर आहे, अडीच तास धरा. पेट्रोल शिराळ्यात भरा. आत जायला परवानगी, गाईड आणि गाडीचं आदल्या दिवशी फोनवर पक्कं करा, कारण नियम सीझनप्रमाणे बदलतात आणि गेटवर जाऊन "आमच्या ओळखीचे साहेब आहेत" म्हणणाऱ्यांचा गार्ड लोकांना मनस्वी कंटाळा आलेला असतो. प्राणी दिसायची खरी वेळ मार्च-एप्रिल, पाणी आटलेलं असतं आणि जनावर पाणवठ्याला येतं, पण उकाडा आणि गोचीड सोसायची तयारी पाहिजे. नुसतं सुखानं फिरायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

"आम्हाला जंगल हिरवंगार असतानाच बघायचंय म्हणून जुलैत वासोटा किंवा चांदोली करायचा विचार आहे." – कराड

बंद असतंय. जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दोन्हीकडं पर्यटक सोडत नाहीत, आणि बरोबर करतात, कारण नवजा, पाथरपुंज ही नावं तुम्ही पावसाळ्यात रोज पेपरात पावसाच्या आकड्यांत वाचता ती काय उगाच नाही. हिरवं बघायचं तर पाटणवरून कोयनानगर, नवजापर्यंत जा, ओझर्ड्याचा धबधबा चालू आहे का ते गावात विचारा, बंद ठेवला असेल तर मुकाट्यानं मागं फिरा. कुंभार्ली घाटात धुक्यात गाडी थांबवून सेल्फी काढू नका, मागून चिपळूणचा ट्रक येत असतो. जळवा लागल्या तर ओढून तोडू नका, नखानं तोंडाच्या बाजूनं सरकवा किंवा मीठ टाका. जळू चावताना रक्त गोठू नये असं काहीतरी सोडते म्हणून नंतर बराच वेळ रक्त वाहतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, दाबून धरा. जुनी माणसं मोज्यांना तंबाखूचं पाणी लावतात, चालतं.

"मित्रांबरोबर वासोट्यावर टेंट लावून रात्र काढायचीय, शेकोटी, चिकन वगैरे. परमिशन मिळवायची ट्रिक सांगा." – सातारा, कॉलेज

ट्रिक नाही. अभयारण्यात रात्रीचा मुक्काम करता येत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३० काढून वाचा, अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणं, पेटवणं, पेटती ठेवून जाणं, सगळ्यालाच मनाई आहे. शेकोटी म्हणजे गुन्हाच झाला, दंड भरून सुटू या भ्रमात राहू नका. आणि कायदा बाजूला ठेवला तरी डोक्यात एक घ्या, डिसेंबरनंतर डोंगरावरचं गवत काडीपेटीसारखं असतं, एक ठिणगी आणि सगळी धार पेटते, मग तुम्ही खाली साताऱ्यात आणि गावातली माणसं रात्रभर झाडाच्या फांद्या घेऊन आग झोडपतायत.

अजून एक, धूर कड्यावरच्या आग्या मोहोळापर्यंत गेला की पुढचं मी लिहीत नाही. डिओ आणि परफ्यूमचंही तेच. माश्या उठल्याच तर हात हलवून मारत बसायचं नाही, तोंड-डोकं कापडात गुंडाळायचं आणि पळायचं, सामान राहू दे.

टेंट आणि चिकन बामणोलीत पाण्याकाठी रीतसर मिळतं. तिथं खा, झोपा, सकाळी पहिल्या बोटीनं गड करा. गडावर जाणारच आहात तर चढताना ताई तेलिणीची आठवण काढा, पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांच्या फौजेला याच गडावरून तिनं कित्येक महिने दाद दिली नव्हती. आणि मराठ्यांनी याचं नाव व्याघ्रगड ठेवलं होतं, म्हणजे तेव्हाही तिथं रात्री शेकोटीपाशी नाचायला कुणी जात नसणार.

"विचारायला संकोच वाटतोय, पण जंगलात बायकांच्या सोयीचं काय? याच कारणासाठी मी दोनदा नाही म्हटलंय." – कोरेगाव

संकोच कसला ताई, हा या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे आणि पुरुष मंडळी प्लॅन करताना हा विचारच करत नाहीत. मी माझ्या बहिणीला फोन करून विचारलं, ती वासोटा तीनदा, चांदोली दोनदा करून आलीय, तिनं सांगितलं ते तसंच लिहितो. बोटीत बसायच्या आधी आणि जंगलाच्या गेटच्या आधी सोय असते तिथंच जाऊन घ्यायचं, वर काही मिळेल ही आशा ठेवायची नाही. पाणी कमी पिऊन चालायचं नाही, त्यानं डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि मग सगळ्यांचीच ट्रिप बिघडते. ग्रुपमध्ये एक बाई तरी सोबत पाहिजे, एक जुनी साडी किंवा चादर आडोशाला, आणि वाटेपासून लांब पण हाकेच्या अंतरात. पाण्याच्या टाक्या, झरे यांच्या जवळ नाही. पाळी असेल तर जाड वर्तमानपत्र आणि झाकणाचा एक डबा, वापरलेलं सगळं डब्यातून परत आणायचं, पुरायचं नाही, कारण जनावर उकरतं. बहिणीचं शेवटचं वाक्य, "गाईडला आधीच सांगायचं, दर तासाला दहा मिनिटं थांबायचं. कारण सांगत बसायची गरज नाही."

पुढच्या वेळी नाही म्हणू नका. आणि जमलं तर त्या दोन वेळच्या प्लॅन करणाऱ्यांना हे कात्रण पाठवा.

"सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्यांना जंगल बघायचंय. नातवाला हरणं बघायचीत. चांदोली झेपेल का?" – मिरज

चांदोलीचा गाडीतला धक्का गुडघ्यापेक्षा कमरेला लागेल. सागरेश्वरला न्या ना! दारातलं सोडून लांब कशाला. १०.८७ चौरस किलोमीटरचं छोटंसं अभयारण्य, तिथं चितळं-सांबरं आहेत, काळवीटही. आणि मला हे जंगल आवडतं त्याचं कारण वेगळं आहे, हे मुळातलं रानच नाही, हा उजाड डोंगर होता आणि धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन माणसं गोळा करून झाडं लावली, जनावरं आणली, आणि १९८५ ला त्याचं अभयारण्य झालं. सासूबाईंना हे सांगा, त्यांच्या पिढीला ते कदाचित आठवतही असेल. वरच्या पॉईंटवरून कृष्णाकाठचा ऊस दिसतो, पार नजर पोचेल तिथपर्यंत हिरवा. खाली सागरेश्वराच्या देवळांचा समूह आहे, तिथं सावलीत बसता येतं. आणि देवराष्ट्रे अगदी जवळ, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तेही होऊन जाईल. श्रावणातला सोमवार मात्र टाळा, गर्दी असते. सकाळी लवकर नाहीतर चारनंतर जा, दुपारी हरणं सावलीत बसतात आणि नातू कंटाळतो.

"मुलाची शाळेच्या ग्रुपबरोबर ट्रिप आहे, सापाची भीती वाटते. बरोबर कुठलं औषध देऊ?" – पलूस

औषध नको, बूट द्या. घोट्याच्या वर येणारे बूट, फुल पँट, आणि दगडावर बसताना आधी काठीनं आपटायची सवय. आपल्या सह्याद्रीत फुरसं सगळ्यात फसवं, पाचोळ्यात पाचोळाच दिसतं. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही, हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवून पोराला चालायला न लावता उचलून आणायचं आणि सरळ सरकारी दवाखाना, विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं. १०८ ला फोन, पण रेंज असेल तिथं पोचल्यावर. कोयनेच्या बॅकवॉटरला आणि चांदोलीत आत रेंज नसते, त्यामुळं सरांना आधीच विचारा, सगळ्यात जवळची रेंज कुठं आहे आणि पोराला तिथवर कोण नेणार? सरांना सांगता आलं नाही तर त्यांनाही घड्याळ उलटं लावायला सांगा. वनखात्याचा १९२६ हा नंबर त्याच्या वहीत लिहून द्या.

"माझं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलं. तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. आम्हाला इकडं खाली जमीन मिळाली, मग लग्न झालं, परत कधी गेले नाही. आता नातू म्हणतोय आज्जी तुला वासोट्याच्या ट्रिपला नेतो. मला गड नाही बघायचा. गाव दिसेल का?" – सांगली जिल्हा

आज्जी, तुमचं पत्र मी शेवटाला ठेवलं कारण ते वाचून दोन दिवस दुसऱ्याला उत्तर लिहायला बसताच येईना.

वरती सगळ्यांना नोव्हेंबर-डिसेंबर सांगितलाय, तुम्ही मात्र तेव्हा जाऊ नका. तेव्हा धरण भरलेलं असतं, पूर्ण भरलं की १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, कोयनानगरपासून पार तापोळ्याकडं पसरलेलं, आणि तुमच्या गावावरून बोट निघून जाईल तरी तुम्हाला नुसतं निळं पाणी दिसेल. तुम्ही मे महिन्यात जा, पहिल्या आठवड्यात नको, शेवटी-शेवटी. वीज काढून, पाणी सोडून तळ गाठलेला असतो, काठ उघडे पडतात, आणि ज्या गावांची जागा वरच्या अंगाला होती त्यांची जोती, एखादा पार, देवळाचे दगड वर येतात. माझ्या आत्याचं गाव असं एका वर्षी वर आलं होतं. ती भेगाळलेल्या गाळातून अनवाणी गेली, आम्ही ओरडतोय आत्या रुतशील, तर ती एका जोत्यापाशी थांबली आणि हातानं माती बाजूला करून म्हणाली, "हे जातं बसवायचं भोक." खरंच भोक होतं, गोल, दगडात. तिनं त्यात बोट घालून फिरवलं. मग म्हणाली उन्हं लई आहेत, चला.

तुमचं गाव खोलातलं असेल तर ते मे महिन्यातही वर येणार नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण बोटवाल्यांना गावाचं नाव सांगा. त्यांच्यातल्या वयस्कर माणसांना पाण्याखालची गावं नावानं माहीत असतात, ओढा कुठून यायचा, देऊळ कुठल्या टेकाडावर होतं, ते पाण्यावरून हात करून दाखवतात. त्यातल्या बऱ्याच जणांची स्वतःची घरं त्याच पाण्यात आहेत.

नातवाला एवढं सांगा. बामणोलीत आदल्या दिवशी फोन करून बोट सकाळची ठरव, दुपारी वारा उठतो. मे महिन्यात पाणी मागं गेलेलं असतं त्यामुळं बोट जेट्टीपर्यंत येत नाही, गाळातून थोडं चालावं लागतं, आज्जीला धरायला दोघं पाहिजेत आणि एक प्लास्टिकची खुर्ची बरोबर ठेव. पलीकडचा काठ अभयारण्यात येतो, तिथं उतरायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ती आधी काढ, कशासाठी ते खरं सांग. छत्री, पाणी, बीपीची गोळी.

आणि आज्जी, गावाचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं नाही. लिहून पाठवा. बामणोलीत माझ्या ओळखीचे एक-दोघं आहेत, मी विचारून ठेवतो.